त्यांचा वशिला, आपली ओळख

मी गेली तेरा वर्षं हैदराबादच्या आयटी क्षेत्रात आहे. बी.ई. झालो, कॅम्पसमधूनच पहिली नोकरी लागली, पुढे दोन कंपन्या बदलल्या. सध्या माधापूरच्या एका बहुराष्ट्रीय कंपनीत बारा जणांच्या टीमचा लीड आहे. म्हणजे माझं अप्रेझल कोणीतरी करतं आणि मी बारा जणांचं करतो. त्यामुळे प्रमोशन आणि ले-ऑफ या दोन गोष्टी मला टेबलाच्या दोन्ही बाजूंनी दिसतात.

मंडळाच्या कार्यक्रमांत भेटणारी आपली मुलं-मुली हल्ली दोनच प्रश्न विचारतात. एक, ‘दादा, तुमच्याकडे ओपनिंग आहे का?’ आणि दुसरा, जरा बाजूला घेऊन, ‘माझ्यापेक्षा कमी काम करणाऱ्याला प्रमोशन मिळालं, आता काय करू?’ गेल्या दोन-तीन वर्षांत तिसरा प्रश्नही त्यांत आला आहे, आणि तो तर कुजबुजतच विचारला जातो: ‘यादीत माझं नाव येईल का?’

२०२२ च्या अखेरीस मेटाने ११ हजार, जानेवारी २०२३ मध्ये गूगलने १२ हजार आणि जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार लोक कमी करण्याची घोषणा केली, तेव्हा आपल्या बहुतेक घरांत हे शब्द जेवणाच्या ताटापर्यंत येऊन पोचले. म्हणून या विषयावर एकदा सविस्तर लिहावं असं ठरवलं. हे लिहिताना कोणावर राग काढायचा नाही. आत काय चालतं आणि आपल्या हातात काय असतं, एवढंच सांगायचं आहे.

गोपनीय अहवालाची गोष्ट

आपल्या आई-बाबांच्या पिढीतले हैदराबादचे मराठी लोक बँकेत, रेल्वेत, भेलमध्ये, ईसीआयएलमध्ये, वीज मंडळात किंवा शाळा-कॉलेजांत होते. त्यांना वाटतं, आमच्या वेळी सेवाज्येष्ठता होती, ज्याचा नंबर त्याला बढती, भानगड नाही. पण माझे बाबा एका सरकारी बँकेत होते आणि ‘सी. आर.’ हा शब्द मी लहानपणापासून ऐकलेला आहे. सी. आर. म्हणजे गोपनीय अहवाल. साहेब वर्षाच्या शेवटी त्यात काय लिहितो हे कर्मचाऱ्याला कळायचं नाही. फक्त वाईट शेरा असेल तर कळवायचा, असा सर्वसाधारण नियम. मग ‘अमक्या साहेबाच्या घरी दिवाळीला कोण गेलं होतं’ याची चर्चा आमच्या घरी व्हायची.

या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा एक निकाल प्रत्येक नोकरदाराने माहीत करून घ्यावा असा आहे. देव दत्त विरुद्ध भारत सरकार हा तो खटला. सीमा रस्ते विभागातल्या या अभियंत्याला एका वर्षी ‘चांगला’ असा शेरा मिळाला होता. वाईट शेरा नाही म्हणून त्याला कळवला गेला नाही. पण बढतीसाठी सलग पाच वर्षं ‘अतिशय चांगला’ हा शेरा लागत होता. म्हणजे ‘चांगला’ या शब्दानेच त्याची बढती अडवली आणि त्याला पत्ताच नाही! न्यायालयाने सांगितलं की शेरा कोणताही असो, तो कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे आणि त्याला आपलं म्हणणं मांडायची संधी दिली पाहिजे. पुढच्याच वर्षी केंद्र सरकारने संपूर्ण मूल्यांकन अहवाल कर्मचाऱ्याला दाखवायला सुरुवात केली.

हे सगळं सरकारी नोकरीबद्दल झालं. खासगी कंपनीला हा निकाल लागू होत नाही. आपल्याकडे रेटिंग कळतं, पण ते कसं ठरलं हे कळत नाही. ‘मीट्स एक्स्पेक्टेशन्स’ हा आपला ‘चांगला’ शेराच आहे. कानाला बरा वाटतो, पण त्याने बढती मिळत नाही.

कॅलिब्रेशनच्या खोलीत

अनेकांना वाटतं की आपलं रेटिंग आपला मॅनेजर ठरवतो. ते अर्धंच खरं आहे. मॅनेजर प्रस्ताव मांडतो. मग पाच-सात मॅनेजर, त्यांच्या वरचा डायरेक्टर आणि एच.आर. असे सगळे एका खोलीत किंवा कॉलवर बसतात. याला म्हणतात कॅलिब्रेशन. उद्देश चांगला असतो. एका मॅनेजरचा हात सढळ, दुसऱ्याचा आखडता, तर सगळ्यांना एका मापाने मोजावं. पण त्यासोबत प्रमाण ठरलेलं असतं. शंभरात इतकेच वरचे, इतके मधले, आणि इतके खालचे निघालेच पाहिजेत.

ही पद्धत गाजवली ती अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकचे प्रमुख जॅक वेल्च यांनी. वरचे २० टक्के, मधले ७० टक्के आणि खालचे १० टक्के, आणि त्या खालच्यांनी दरवर्षी निघायचं. जगभरच्या कंपन्यांनी ती उचलली. मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये ती सोडली, कारण लोक बाहेरच्या कंपनीशी स्पर्धा करायचं सोडून शेजारच्या खुर्चीवाल्याशी स्पर्धा करू लागले होते. पुढे बऱ्याच कंपन्यांनी बेल कर्व्ह बंद केल्याचं जाहीर केलं. माझा अनुभव असा की नाव गेलं, पण आकडा राहिला. पगारवाढीचं बजेट ठरलेलं असलं की कर्व्ह आपोआप परत येतो.

आता त्या खोलीत काय होतं ते सांगतो. प्रत्येक नावाला साधारण तीन-चार मिनिटं मिळतात. ज्याच्या मॅनेजरला नेमकं बोलता येतं, आकडे तोंडपाठ असतात, त्याचा माणूस तरतो. मॅनेजर नवा असेल, सुट्टीवर असेल किंवा भिडस्त असेल, तर त्याच्या माणसाचं रेटिंग दुसऱ्या कोणासाठी तरी खाली सरकतं, कारण कोणीतरी सरकायला हवंच असतं. डायरेक्टर म्हणतो, ‘या मुलाला मी त्या डेमोत पाहिलंय, शार्प आहे.’ एका वाक्यात काम होतं. आणि ज्या मुलीने वर्षभर रात्रीचा प्रॉडक्शन सपोर्ट सांभाळला, तिला डायरेक्टरने पाहिलेलंच नसतं, कारण तिचं काम नीट झालं की काहीच घडत नाही. काही न घडणं स्लाइडवर दाखवता येत नाही.

शिवाय अप्रेझल मार्चमध्ये असेल तर सगळ्यांना जानेवारी-फेब्रुवारी आठवतं. गेल्या मे महिन्यात तुम्ही तीन रात्री जागून सर्व्हर उभा केला होता, हे तुमच्याशिवाय कोणाच्याही लक्षात नसतं.

गुण कोणाचे मोजले जातात?

यावर एक मोठा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला होता. साडेचार हजारांच्या आसपास व्यवस्थापकांना त्यांच्या वरिष्ठांनी, सहकाऱ्यांनी आणि हाताखालच्यांनी दिलेले गुण त्यात तपासले. गुणांमधला सुमारे ६२ टक्के फरक हा गुण देणाऱ्याच्या स्वभावामुळे, सवयीमुळे पडतो असं दिसलं. प्रत्यक्ष कामगिरीमुळे पडलेला फरक होता २१ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे रेटिंगच्या कागदावर नाव तुमचं असतं, पण त्यात बराचसा तुमचा साहेबच उमटलेला असतो.

दुसरा अभ्यास घरून काम करणाऱ्यांबद्दलचा. चीनमधल्या सीट्रिप या पर्यटन कंपनीने कॉल सेंटरमधल्या तयार असलेल्या कर्मचाऱ्यांचे दोन गट केले. वाढदिवस सम तारखेला असेल त्यांनी नऊ महिने घरून काम करायचं, विषम तारखेवाल्यांनी ऑफिसातून. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली. पण तेवढीच कामगिरी असलेल्या ऑफिसातल्या माणसाच्या तुलनेत त्यांना बढती मिळण्याचं प्रमाण घटलं. यात कोणाचा वशिला नव्हता, कोणाशी वैर नव्हतं. डोळ्यांआड गेलेला माणूस मनाआडही गेला, इतकंच.

माझ्या ओळखीतला एक जण वडिलांच्या आजारपणात वर्षभर नांदेडहून काम करत होता. काम चोख होतं. वर्षाच्या शेवटी शेरा आला, ‘टीममध्ये पुरेसा मिसळत नाही.’

हे सांगण्याचं कारण असं की पक्षपात म्हटल्यावर आपल्याला लगेच कोणीतरी खलनायक दिसतो. खलनायक असतातही, नाही असं नाही. पण बहुतेक वेळा मॅनेजर मनापासून समजत असतो की आपण न्यायानेच वागलो. आपल्यासारखं बोलणारा, आपल्यासोबत चहाला येणारा, आपल्याच कॉलेजचा माणूस त्याला खरोखरच हुशार ‘वाटतो’. म्हणूनच हा पक्षपात पकडणं अवघड जातं.

ज्याला वाली नाही

ले-ऑफची यादी याहून वेगळ्या पद्धतीने बनते. आधी वरून आकडा येतो. अमुक इतके लोक किंवा अमुक इतका खर्च कमी करा. मग दोन-तीन दिवसांत नावं मागवली जातात. खर्च कमी करायचा म्हटलं की जास्त पगाराची, बारा-पंधरा वर्षं अनुभवाची माणसं आधी नजरेत भरतात. त्यानंतर मागच्या दोन वर्षांची रेटिंग्ज पाहिली जातात. कागदावर हे अगदी स्वच्छ दिसतं.

आता एक उदाहरण बघा. एक सहकारी सहा महिने प्रसूती रजेवर होती. परत आली तेव्हा वर्ष निम्मं उरलेलं. ‘अर्ध्याच वर्षाचं काम’ म्हणून तिला मधलं रेटिंग दिलं. कोणी भांडलं नाही, तीही नाही. पुढच्या वर्षी यादी करताना दोन वर्षांची सरासरी काढली आणि ती रेषेखाली गेली. रजेच्या काळात काढून टाकणं १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यापासूनच बेकायदेशीर आहे. २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी रजाही २६ आठवड्यांची झाली. पण इथे रजेत काढलंच नव्हतं. रजेचा हिशेब वर्षभराने चुकता केला होता.

दुसरं उदाहरण २०२३ मधलं. आमच्या मजल्यावर एक परभणीकडचे गृहस्थ होते. नाव सांगत नाही. त्यांची अकरा वर्षं नोकरी झालेली. बँकेच्या व्यवहारांचा रोज रात्री ताळा जुळवणारी एक जुनी सिस्टीम होती, ती त्यांच्याइतकी कोणालाच माहीत नव्हती. पण दीड वर्षात त्यांचे तीन मॅनेजर बदलले. ज्याने त्यांचं काम पाहिलं होतं तो कंपनी सोडून गेला. तिसऱ्याला येऊन दोन महिने झाले होते. त्याच्यासाठी ते म्हणजे एक्सेल शीटमधली एक ओळ, पगार जास्त, रेटिंग मध्यम. त्याच टीममध्ये आठ महिन्यांपूर्वी डायरेक्टरच्या जुन्या कंपनीतून आलेला एक जण होता, तो राहिला.

सकाळी साडेदहाला त्यांना मीटिंगचं निमंत्रण आलं. सव्वाअकराला ते राजीनाम्यावर सही करून बाहेर आले. पुढच्या महिन्यात त्यांच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं होतं. आई-वडिलांचा विमा कंपनीच्या पॉलिसीत होता. तो नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपला. ऑपरेशनचा खर्च त्यांनी मुदतठेव मोडून केला. मियापूरच्या फ्लॅटचे हप्ते चालूच होते. पाच महिन्यांनी त्यांना कमी पगाराची नोकरी मिळाली. त्या पाच महिन्यांत ते मंडळाच्या एकाही कार्यक्रमाला आले नाहीत.

माझ्या पाहण्यात यादीत येणाऱ्यांत कामचुकार थोडे असतात. जास्त असतात ते त्या खोलीत ज्याच्यासाठी बोलायला कोणी उरलेलं नाही असे. मराठीत यासाठी अचूक शब्द आहे: वाली नसणं.

लॉबी कोणाची?

आता एक अवघड मुद्दा. आपण मराठी लोक जमलो की कोणीतरी म्हणतंच, ‘इथे सगळी त्यांचीच लॉबी आहे हो. आपल्या माणसाला कोण विचारतो?’ त्यात तथ्य नाही असं मी म्हणत नाही. लंचच्या टेबलावर ज्या भाषेत गप्पा चालतात त्या भाषेत नव्या प्रोजेक्टची बातमीही फिरते. ज्याला ती भाषा येत नाही त्याला बातमी दोन दिवस उशिरा कळते, तोवर जागा भरलेली असते.

पण माझा एक तेलुगू मित्र चार वर्षं पुण्यात होता. तो म्हणतो, ‘तुमच्या पुण्यात मीटिंग संपली की सगळे मराठीत सुरू होतात. खरी मीटिंग तिथेच होते.’ मी हसलो, पण खोटं बोलतोय असं म्हणता येईना.

आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येणारे मेसेज आठवून बघा. ‘आपला मुलगा आहे, जरा बघ.’ ‘तुझ्या ओळखीने काही होतं का?’ दुसऱ्याने आपल्या गावच्याला घेतलं की तो वशिला, आपण घेतलं की ती ओळख. शब्द बदलला म्हणून ज्याची जागा गेली त्याला फरक पडत नाही. तो तिसरा कोणीतरी उमेदवार असतो, आणि त्याच्याही घरी आई-बाबा वाट पाहत असतात.

मी स्वतःपुरता एक नियम केला आहे. कोणाचाही सीव्ही पुढे पाठवतो. मराठी असो वा नसो, जागेला योग्य वाटला तर रेफरलही देतो. पण ओळखीचा उमेदवार असेल तर त्याच्या मुलाखतीच्या पॅनेलवर मी बसत नाही, आणि हे एच.आर.ला आधीच कळवतो. दार उघडून देणं वेगळं आणि निकाल लावणं वेगळं. दोन-तीन काका मंडळी यावरून माझ्यावर नाराज आहेत. पण ज्यांची निवड झाली त्या मुलांना ऑफिसात मान वर करून वावरता येतं, हेही मी पाहतो.

प्रमोशन हुकलं तर

माझंही हुकलं आहे. २०१९ मध्ये. त्याच पदावर चौथं वर्ष होतं, जानेवारीत मॅनेजर बदलला, त्याने स्वतःसोबत जुन्या कंपनीतून दोघांना आणलं आणि त्यांपैकी एकाला प्रमोशन मिळालं. मला सांगितलं गेलं, ‘व्हिजिबिलिटी कमी पडली.’ तो मुलगा कामाला वाईट नव्हता. क्लायंटसमोर माझ्यापेक्षा चांगलं बोलायचा, हे मान्य करायला हवं. पण त्याला येऊन सात महिने झाले होते.

मी भांडलो नाही आणि गप्पही बसलो नाही. पंधरा दिवस जाऊ दिले. मग वेळ मागून घेतली आणि एकच प्रश्न विचारला, ‘पुढच्या पदावरचा माणूस काय करतो, जे मी आज करत नाही?’ उत्तर गुळमुळीत होतं. त्याच संध्याकाळी मी बोलण्याचा सारांश ईमेलने पाठवला: ‘आपल्या चर्चेनुसार या तीन गोष्टी मी करायच्या आहेत, काही राहिलं असेल तर कळवावं.’ ‘ओके’ एवढंच उत्तर आलं. पण ते लेखी होतं. पुढच्या कॅलिब्रेशनला तेच ईमेल कामी आलं. मधल्या काळात मी टीम बदलली, आणि २०२१ मध्ये वेगळ्या डायरेक्टरकडे माझं प्रमोशन झालं.

यातून आणि नंतर लीड म्हणून जे पाहिलं त्यातून, काही गोष्टी तुम्हाला सांगाव्याशा वाटतात.

पहिली, कामाची वही ठेवा. दर शुक्रवारी पाच ओळी. काय केलं, त्याने किती वेळ किंवा पैसा वाचला, कोणाला उपयोग झाला. कंपनीची गोपनीय माहिती त्यात नको, फक्त स्वतःच्या कामाची नोंद हवी. तुमचा मॅनेजर चांगला असेल तर त्याला खोलीत बोलायला हे शस्त्र मिळतं. वाईट असेल तर तुम्हाला मिळतं.

दुसरी, मॅनेजर सोडून जातोय असं कळलं की तुमच्या कामाबद्दलचा लेखी अभिप्राय त्याच्याकडून सिस्टीममध्ये टाकून घ्या. ते मागण्यात कमीपणा नाही.

तिसरी, तुमचं काम माहीत असणारी किमान दोन वरिष्ठ माणसं असू द्या. हे चमचेगिरीपेक्षा वेगळं आहे. चमचेगिरीत साहेबाची स्तुती असते. इथे आपल्या कामाची माहिती द्यायची आहे. आपल्याकडे ‘आपल्या तोंडाने आपलं काय सांगायचं’ असा संस्कार आहे. घरात तो शोभून दिसतो, अप्रेझलमध्ये महागात पडतो.

चौथी, सलग दोन वर्षं निकष लेखी मागूनही मिळाले नाहीत, तर तिथे तिसरं वर्ष घालवू नका. आधी टीम बदलून बघा, नाही जमलं तर कंपनी. खासगी नोकरीतल्या प्रमोशनसाठी कोर्टात जाऊन सहसा काही हाती लागत नाही. तिथे आपलं बळ म्हणजे आपलं कौशल्य आणि दुसरीकडे जाण्याची तयारी.

सही करण्याआधी

नोकरी जाते तेव्हा मात्र कायदा अगदीच मुका नाही. आयटीवाल्यांना सर्रास सांगितलं जातं की तुम्ही ‘कामगार’ नाही. पण कायदा पदाचं नाव पाहत नाही, काम पाहतो. व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करणारे कामगार नव्हेत. पर्यवेक्षक असाल आणि पगार ठरावीक मर्यादेच्या वर असेल तरीही नाही. पण जो तांत्रिक काम करतो, त्याचं पद ‘असोसिएट कन्सल्टंट’ असो की ‘स्पेशालिस्ट’, त्याला कामगार म्हणून दाद मागता येऊ शकते. २०१५ मध्ये एका बड्या कंपनीने काढून टाकलेल्या चेन्नईच्या एका इंजिनिअरच्या बाजूने तिथल्या कामगार न्यायालयाने २०२२ मध्ये निकाल दिला आणि त्याला पगारासह परत घेण्याचा आदेश दिला. मात्र त्याला सात वर्षं लागली, हेही लक्षात ठेवायला हवं.

आधी हे नियम १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत, पण गाभा तोच आहे. सलग एक वर्ष नोकरी झालेल्या कामगाराला कपातीत काढायचं असेल तर कारण देऊन एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार द्यायचा, आणि नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षासाठी १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यायचा. एका प्रकारच्या कामात जो शेवटी आला तो आधी जाईल हा सर्वसाधारण नियम. तो मोडायचा तर मालकाने कारण नोंदवायचं. आणि वर्षभरात पुन्हा भरती निघाली तर काढलेल्यांना आधी संधी द्यायची.

आता लक्षात येईल की एच.आर. ‘काढतो’ असं न म्हणता ‘राजीनामा द्या, रेकॉर्ड चांगलं राहील’ असं का म्हणतं. स्वतःहून दिलेला राजीनामा म्हणजे कपात नव्हे. सही झाली की वरचे नियम लागू होत नाहीत. आमच्या मजल्यावरच्या त्या गृहस्थांच्या अकरा वर्षांची किंमत त्या पाऊण तासात ठरली.

म्हणून तशी मीटिंग आलीच तर शांतपणे म्हणा, ‘कागद मला ईमेल करा, मी वाचून उद्या-परवा कळवतो.’ आवाज चढवू नका, कोणाला शिव्या देऊ नका, आणि त्याच जागी सहीही करू नका. त्या दोन दिवसांत एखाद्या कामगार कायद्याच्या वकिलाला कागद दाखवा. अनेकदा वाटाघाटी करून एक-दोन महिन्यांचा जास्त पगार किंवा विम्याची मुदत वाढवून मिळते. पाच वर्षं पूर्ण झाली असतील तर ग्रॅच्युइटी राजीनाम्यानंतरही मिळते. हिशेब सोपा आहे. कायद्याच्या व्याख्येत बसणाऱ्या शेवटच्या मासिक वेतनाला १५ ने गुणा, २६ ने भागा, आणि नोकरीच्या वर्षांनी गुणा. असं वेतन ६० हजार आणि नोकरीची आठ वर्षं असतील तर सुमारे २ लाख ७७ हजार होतात. ती रक्कम भरपाईपेक्षा वेगळी असते. एच.आर. ‘पॅकेज’ म्हणून जो आकडा सांगतं त्यात ग्रॅच्युइटी मिसळलेली तर नाही ना, हे विचारून घ्या.

आणि दोन गोष्टी आजच करून ठेवा. आई-वडिलांसाठी कंपनीबाहेरची स्वतंत्र आरोग्य विमा पॉलिसी घ्या. आणि घरखर्च व हप्ते मिळून सहा महिन्यांचे पैसे सहज हाती लागतील असे बाजूला ठेवा. फ्लॅट मोठा घेण्याआधी हे करा.

घरच्यांसाठी आणि मंडळासाठी

आपल्या समाजात नोकरी जाणं ही अजून लाजेची गोष्ट आहे. सोयरिकीच्या बैठकीत ‘मुलगा सध्या काय करतो?’ या प्रश्नाला घरचे गोलमोल उत्तर देतात. मुलं आई-बाबांपासून लपवतात, आई-बाबा नातेवाइकांपासून लपवतात. आणि नेमक्या ज्या वेळी ओळखींची गरज असते त्याच वेळी माणूस चार लोकांत येणं बंद करतो. पालकांना माझी एकच विनंती आहे. मुलाचं किंवा सुनेचं नाव यादीत आलं तर ‘तुझंच का आलं?’ हा प्रश्न विचारू नका. त्याचं उत्तर बहुतेक वेळा त्यांच्याकडे नसतं. ‘कागद काय दिलेत, दाखव बघू’ असं विचारा.

मंडळाकडेही एक प्रस्ताव दिला आहे. आपल्यात वकील आहेत, चार्टर्ड अकाउंटंट आहेत, एच.आर.मधून निवृत्त झालेले तिघे तरी मला माहीत आहेत. महिन्यातल्या एका रविवारी दोन तास त्यांनी बसावं. ज्याला कंपनीचं पत्र दाखवायचं आहे, प्रमोशनसाठी ईमेल कसं लिहावं हे विचारायचं आहे, त्याने यावं. नाव विचारायचं नाही, कुठली कंपनी ते सांगायची सक्ती नाही. मराठीच असलं पाहिजे अशीही अट नको. शेजारच्या फ्लॅटमधला तेलुगू किंवा बंगाली मुलगा आला तर त्याचंही पत्र वाचून द्यावं.

कार्यकारिणीने हा विषय पुढच्या बैठकीत घ्यायचं मान्य केलं आहे. ज्यांना यासाठी वेळ देता येईल त्यांनी मंडळाच्या कार्यालयात नाव नोंदवावं. पहिलं नाव मी माझंच दिलं आहे.